हँडल मिळण्याआधीचा गुरुवार

भिवंडीत, कामतघरच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यांत कोणी कोणाला धड शिकवत नाही, हे आधीच सांगून टाकतो. शेठ लोकांना तयार कारागीर हवा असतो, आयत्या बिळावर नागोबा. कारागिराला आपला हुन्नर झाकून ठेवायचा असतो, कारण आज शिकवलेला माणूस उद्या आपल्याच लूमवर उभा राहील ही भीती. मग नवा माणूस शिकतो कसा? बोटं चेचून घेत, शिव्या खात, कापड बिघडवत. माझं तीस वर्षं लूमच्या सामानाचं दुकान आहे. धोटे, पिकर, चामड्याचे पट्टे, फण्या, सगळं विकतो. या तीस वर्षांत मनापासून शिकवणारा एकच माणूस मी पाहिला, सादिकभाई. अशा माणसाबद्दल लिहायला बसलं की चांगलंच लिहिलं जायला हवं. माझ्या हातून तसं होणार नाही.

सादिकभाई एकेकाळी स्वतः शेठ होते. कोकणी मुसलमान घराणं, आजोबांचे हातमाग, वडिलांचे आठ लूम, त्यांचे स्वतःचे बारा. मग मंदी आली, ती गेली नाही तोवर दुसरी आली. बारा लूम भंगारात गेले. भंगारवाल्याची माणसं घण घालून लूम फोडत होती तेव्हा सादिकभाई गल्लीत खुर्ची टाकून बसले होते, उठले नाहीत. ज्या जागेत लूम होते तिथे आता प्लास्टिकच्या बादल्यांचं गोडाऊन आहे. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते चुलतभावाच्या मुलाकडे, ताबिशकडे, लूम दुरुस्त करायच्या नोकरीला लागले. लोकांना वाटलं, शेठ माणूस, लाजेने महिनाभरात घरी बसेल. सादिकभाई सकाळी सातला डबा घेऊन हजर व्हायचे आणि संध्याकाळी सातला हात धुऊन निघायचे. शेठ होते तेव्हा लोक नुसता सलाम करायचे. नोकर झाले तेव्हा त्यांना उस्ताद म्हणू लागले.

उस्ताद म्हणायचं कारण शिकवणं. ताबिशच्या चोवीस लूमवर जो कोणी नवा येईल, बिहारचा असो, आंध्राचा असो, की इथलाच कोणी गरजू, त्याला सादिकभाई आपल्या शेजारी उभा करायचे. शिकवायचे ते काम चालू असतानाच. लूम बंद करून दाखवा, असं कोणी म्हटलं की त्यांना राग यायचा. "बंद लूमवर शिकवलेलं डोक्यात राहतं. चालू लूमवर शिकवलेलं हातात राहतं. आपल्याला हात पाहिजे, डोकं काय करायचं?" पहिला आठवडा नवा माणूस काहीच करत नसे. दोन लूमच्या मधल्या चिंचोळ्या वाटेतून नुसता चालायचा. कुठे उभं राहायचं आणि कुठे नाही, एवढंच शिकायचं. दुसऱ्या आठवड्यापासून तुटलेल्या तारेची, म्हणजे ताण्याच्या धाग्याची, गाठ. सादिकभाईंची गाठ दोन बोटांत, डोळ्याची पापणी लवायच्या आत पडायची. शिकाऊ माणसाच्या बोटांना ती पडेपर्यंत ते त्याच्या मागे उभे राहून त्याचीच बोटं आपल्या बोटांनी हलवायचे, लहान पोराला अक्षर गिरवायला लावतात तसं. त्यानंतर धोट्यातली संपलेली सुताची कांडी बदलणं. आणि सगळ्यात शेवटी ऐकणं.

ऐकणं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. लूममध्ये धोटा इकडून तिकडे पळतो. लाकडाचा, होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी. त्याला दोन्ही बाजूंनी ठोकून पळवणारा जो तुकडा असतो तो पिकर. पिकर रोज हजारो ठोके खातो आणि हळूहळू झिजतो. झिजला की धोटा तिरका निघायला लागतो आणि एखाद्या वेळी चालू लूममधून बाहेर उडतो. पिकर झिजलाय हे डोळ्यांना दिसत नाही, कारण लूम चालू असतो. कानाला मात्र कळतं. ठोका बसका येतो, ओल्या लाकडावर मारल्यासारखा. शंभरातला एखादाच ठोका तसा येतो. तो ज्याला इतर लूमच्या कल्लोळातून वेगळा काढता येतो तो कारागीर, बाकीचे सगळे मजूर, असं सादिकभाईंचं म्हणणं. "लूम बोलतो. त्याच्या जवळ जाऊन कान लावायचा नाही. चार पावलांवरून ऐकू आलं पाहिजे. जवळ जावं लागतं त्याला लूम येत नाही."

हे आलं की मग हँडल. ताबिशच्या कारखान्यात हा सादिकभाईंनी पाडलेला रिवाज होता. लूम चालू-बंद करायचा दांडा म्हणजे हँडल. उस्तादाने हँडल देईपर्यंत शिकाऊ माणसाने त्याला हात लावायचा नाही, काही झालं तरी. यात अक्कल होती. लूम चुकीच्या क्षणी थांबवला तर कापडावर पट्टा उमटतो आणि तो तुकडा वाया जातो. शिकाऊ माणूस घाबरून दर पाच मिनिटांनी लूम थांबवतो. म्हणून त्याने उस्तादाकडे बघायचं, खूण करायची, उस्ताद सांगेल ते करायचं. तयार झाला की एक दिवस सादिकभाई त्याचा हात हँडलवर ठेवायचे, त्यावर स्वतःचा हात, आणि दोघे मिळून लूम सुरू करायचे. सादिकभाई बिस्मिल्ला म्हणायचे, समोरचा आपल्या देवाचं नाव घ्यायचा, आणि सगळ्यांना पेढा. त्या दिवसापासून त्याला चार लूम.

आता खुणांचं. लूमच्या कारखान्यात बोलणं ऐकू येत नाही. बारा तास सगळे हातांनी आणि ओठांनीच बोलतात. हात वर केला की बंद कर, तळवा आडवा फिरवला की सगळं ठीक, कानाला बोट लावलं की आवाज बिघडलाय, ऐका. नवा माणूस पंधरा दिवसांत ओठ वाचायला शिकतो. आणि म्हणूनच कोणाच्याही लक्षात आलं नाही की सादिकभाईंना ऐकू येत नाही. जिथे कोणालाच काही ऐकू येत नाही तिथे बहिरा माणूस ओळखायचा कसा?

माझ्या लक्षात आलं ते माझ्या दुकानात. चाळीस वर्षं लूमजवळ काढल्यावर कान शाबूत राहणं हाच चमत्कार, पण सादिकभाईंचं मी कधी मनावर घेतलं नव्हतं. एक दिवस ते पट्टे निवडत होते आणि मी पाठमोरा होऊन वरच्या फळीवरचा डबा काढता काढता काहीतरी विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. वळून पाहिलं तर ते शांतपणे पट्टे बघताहेत. मग मी समोर उभं राहून, आवाज न काढता, नुसते ओठ हलवले, "चहा घेणार?" ते म्हणाले, "अर्धा."

मी घरी जाऊन त्यांच्या बायकोला, खदीजाभाभींना, विचारलं. भाभींनी दारातच डोळ्यांना पदर लावला. तीन वर्षं झाली म्हणाल्या. ठाण्याला जाऊन कानाचं यंत्र आणलंय, ते कपाटात अत्तराच्या बाटल्यांशेजारी पडलंय. "लावत नाहीत, भाऊ. म्हणतात, कानात मशीन घातलेल्या माणसाकडून ऐकायला कोण शिकणार? आणि कारखान्यात लावलं तर डोकं फुटतं म्हणे. तुम्ही कोणाला सांगू नका हां. त्यांच्याकडे आता तेवढंच उरलंय." मीही म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. लूमच्या अंगाला तळवा टेकवून ते हाताने ऐकत असत, हे मी नंतर स्वतः पाहिलं. त्यांचा हात कधी चुकला नव्हता. मग मी कशाला बोलू? माणसाचं नाव जातं, नोकरी जाते, आणि मी तर सामान विकणारा. हे सगळं मी स्वतःला किती छान समजावलं होतं ते आता आठवतं आणि स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

जान्या आला तो त्याच वर्षी, पावसाळा संपता संपता. दिघाशीच्या बाजूच्या आदिवासी वाडीतला, पस्तिशीचा. बायको मनिषा, दोन मुलं. दर दिवाळीनंतर सगळं घर वीटभट्टीवर जायचं आणि मुलांची शाळा मध्येच सुटायची. मोठी मुलगी तिसरीत तीनदा बसली होती, हुशार असून. भट्टीचे महिने सोडून जान्या चार वर्षं गावाकडच्या भातगिरणीवर मदतनीस होता, गिरणी बंद पडली म्हणून तो भिवंडीत आला. मी त्याला ताबिशकडे घेऊन गेलो होतो, कारण गिरणीला पट्टे माझ्याच दुकानातून जायचे, त्यातून त्याची माझी ओळख. ताबिशने तोंड वाकडं केलं. "भाऊ, तुमच्या ओळखीचा म्हणून ठेवतो. पण हे लोक टिकत नाहीत. भट्टीवाला आला की पळतात."

जान्याने हे ऐकलं. हँडलचा रिवाज मी त्याला वाटेत सांगितला होता. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "भाऊ, दिवाळीपर्यंत मला ह्यो हँडल मिळंल का?"

"का रे, एवढी घाई?"

"चार लूम भेटले तं कामतघरात खोली घेईन. पोरी हितंच शालंत जातील. न्हाय भेटले तं भट्टीचा ट्रक येतो. ट्रक आला की बसाय लागतं, त्याला थांब म्हनता येत न्हाय."

एवढंच त्याचं म्हणणं होतं. कारागीर व्हायचं, ट्रकमध्ये बसायचं नाही. त्याच्या वाडीतला एकही माणूस आजवर लूमवर उभा राहिला नव्हता.

सादिकभाईंनी त्याला शेजारी घेतलं आणि आठ दिवसांत मला दुकानात येऊन सांगितलं, "भाऊ, तू हिरा आणलास." मला वाटलं नेहमीसारखं कौतुक. पण खरंच होतं ते. गाठ त्याला पाचव्या दिवशी आली. गिरणीवर पट्ट्यांचे आवाज ऐकायची सवय होती, त्यामुळे लूमचा आवाज त्याला परका वाटला नाही. डबा खायला बसला की तो तोंडाने लूमचा ठोका वाजवून दाखवायचा, चांगला ठोका, बसका ठोका, आणि बिहारची पोरं हसून लोळायची. सादिकभाई समोर बसून त्याच्या ओठांकडे बघत हसायचे. ते काय बघून हसतात हे तिथे मला एकट्याला माहीत होतं.

जान्याचा एक दोष होता. त्याचा स्वतःवर विश्वास नव्हता. ठोका बसका आला असं वाटलं की तो कानाला बोट लावायचा आणि उस्तादांकडे बघायचा. सादिकभाई दुसऱ्याच कशाला तरी आल्यासारखे जवळ येऊन लूमवर तळवा टेकवायचे, मान हलवायचे, कधी हो, कधी नाही. जान्या ते पाठ करून ठेवायचा. उस्ताद हो म्हणाले म्हणजे असा आवाज वाईट, नाही म्हणाले म्हणजे असा आवाज चांगला. पुस्तक वाचावं तसा तो उस्तादांची मान वाचायचा. मला एकदा म्हणाला, "माझा कान नवा हाय, भाऊ. त्यांचा चालीस वर्सांचा. माझ्या कानाला काय वाटतं त्याला किंमत न्हाय, त्यांची मान काय बोलते त्याला हाय." मी ऐकून घेतलं आणि गप्प बसलो. त्या वेळी तोंड उघडलं असतं तर बरं झालं असतं. पण तोंडात मिठाची गुळणी धरायची सवय झाली होती ना.

दिवाळीच्या आधीचा आठवडा. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी असते, म्हणून सादिकभाईंनी जाहीर केलं, सुट्टी झाली की शनिवारी जान्याला हँडल. ताबिशसुद्धा तयार झाला. जान्याने एक खोली बघून ठेवली, मनिषाला निरोप पाठवला. गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी कारखान्यात चामड्याचे पट्टे द्यायला गेलो आणि दारात उभा राहिलो.

सादिकभाई पहिल्या लूमवर वाकून तुटलेल्या तारा जोडत होते. दोन्ही हात तारांत. जान्या त्यांच्यापासून चार पावलांवर, तिसऱ्या लूमशी. मी बघत होतो तेव्हा जान्या एकदम ताठ झाला. तिसऱ्या लूमकडे त्याने मान वळवली, परत ऐकलं. मग उस्तादांच्या समोर येऊन कानाला बोट लावलं आणि तिसरा लूम दाखवला.

सादिकभाईंनी वर पाहिलं. हातातल्या तारा सोडल्या असत्या तर पुन्हा पहिल्यापासून जोडाव्या लागल्या असत्या. आणि काम टाकून मुद्दाम लूमला हात लावायला जायचं म्हणजे, ज्याला जवळ जावं लागतं त्याला लूम येत नाही, हे त्यांनीच जान्याला शिकवलेलं. हँडल द्यायला दोन दिवस राहिले होते, समोर नवा कारागीर उभा, आणि दारात मी. त्यांनी मान किंचित तिरपी केली, डोळे मिटले. ऐकणारा माणूस कसा दिसतो ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. दोन क्षण तसेच राहिले. मग डोळे उघडून नाही अशी मान हलवली. ठीक आहे.

जान्याने पुन्हा कानाला बोट लावलं. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सादिकभाईंनी पुन्हा मान हलवली, या वेळी जोरात.

मला माहीत होतं की त्यांना काहीही ऐकू आलेलं नाही. मी दारातून दहा पावलं आत गेलो असतो, जान्याला मागे ओढला असता, तर बस होतं. मी ती दहा पावलं टाकली नाहीत. मनात म्हटलं, कारखाना त्यांचा, काम त्यांचं. जान्या तिसऱ्या लूमच्या टोकाशी जाऊन उभा राहिला, अजूनही मान वाकडी करून ऐकत. हँडल त्याच्या हातापासून वीतभर होतं. त्याने हात लावला नाही. धोटा उडाला आणि त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला.

तो ओरडला असणारच. तोंड उघडलेलं दिसलं. पण कोणालाच ऐकू आलं नाही, बाकीचे लूम चालूच होते. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. सादिकभाई अजूनही तारांची गाठ मारत होते, पाठ तिकडे करून. लूम थांबल्याचं त्यांना पायाखालची थरथर गेल्यावर कळलं, आणि मी खांदा धरून वळवलं तेव्हा जान्या दिसला.

डोळा गेला. ठाण्याच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

शनिवारी कारखान्यात पंचायत बसली. ती मी जन्मात विसरणार नाही. ताबिशचं म्हणणं सरळ होतं. उस्तादांनी दोनदा सांगितलं ठीक आहे, चार जणांनी पाहिलं. उस्ताद चुकत नाहीत. म्हणजे लूम ठीक होता. म्हणजे या माणसानेच जवळ जाऊन काहीतरी केलं. "शिकाऊ होता, हँडल दिलं नव्हतं, मग लूमशी गेला कशाला? चाचा, बरोबर ना?" सादिकभाई त्याच्या ओठांकडे बघत बसले होते. त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही. ताबिशने त्याचा अर्थ हो असा घेतला. तो वाईट मुलगा नाही, दवाखान्याचा सगळा खर्च त्याने केला. आठ दिवसांनी सगळ्या लूमना धोटा अडवणाऱ्या जाळ्या बसवल्या, माझ्याच दुकानातून नेल्या. बैल गेला नि झोपा केला.

आणि कामतघरात बोलणं सुरू झालं. आदिवासी माणूस, त्याला लूम काय कळणार. गिरणी वेगळी, लूम वेगळा. वाडीवरून आणखी दोघे शिकायला यायचे होते, त्यांना दोन शेठांनी नको म्हणून कळवलं. मी कोणाशी भांडलो नाही. रागाने घरी जाऊन बायकोवर ओरडलो, एवढंच केलं.

सादिकभाईंनी शिकवणं बंद केलं. लूम दुरुस्त करायचे, डबा खायचे, निघायचे. नवा माणूस शेजारी आला की त्याला दुसऱ्याकडे पाठवायचे. महिनाभर मी वाट पाहिली, मग एका शुक्रवारी त्यांच्या घरी गेलो आणि समोर बसून, ओठ नीट हलवत, विचारलं.

"पिकर बघितलात का तुम्ही?"

त्यांनी उठून कपाट उघडलं. कापडात गुंडाळलेला पिकर माझ्यापुढे ठेवला. तिसऱ्या लूमचा. मी पिकर विकतो, मला सांगायची गरज नव्हती. भोक एका बाजूने पार खाल्लेलं होतं.

"त्याच दिवशी काढला," ते म्हणाले. "तो बरोबर होता, भाऊ. मी मान हलवली. मला वाटलं, हात चुकत नाही, आज एक दिवस अंदाजाने चालेल."

"मग हे त्याला सांगितलंत?"

ते रडायला लागले. त्यांच्या वयाच्या माणसाला एवढं रडताना मी पाहिलं नव्हतं. भाभी आतून आल्या आणि पुन्हा आत गेल्या. मला दया यायला हवी होती, पण मला संताप आला. मी ओरडलो, जणू त्यांना ऐकू येणार होतं. म्हटलं, तो माणूस तिकडे बसून समजतोय की आपला कान वाईट होता म्हणून डोळा गेला. दवाखान्यात मी त्याच्या उशाशी होतो. मला म्हणाला, "उस्ताद बोलले ठीक हाय, म्हंजे ठीकच असनार. माझंच कायतरी चुकला." निदान एवढं तरी त्याचं त्याला परत द्या. हे माझं बोलणं मला तेव्हा फार न्यायाचं वाटलं. माझाही त्यात वाटा आहे हे मी चतुराईने बाजूला ठेवलं.

दुसऱ्या शुक्रवारी सकाळी मी त्यांना स्कूटरवर बसवून अंबाडीच्या रस्त्याने निघालो. दिघाशी मागे टाकून वाडीवर पोहोचलो तर सामान बांधलेलं. भांडी एका गोणीत, अंथरुणं दुसऱ्या गोणीत. ट्रक सोमवारी येणार होता. मनिषा अंगणात शेवटचं भात पाखडत होती. मुली आमच्याकडे बघत उंबऱ्यावर बसल्या. जान्या उठून उभा राहिला, सादिकभाईंच्या पाया पडायला वाकला. सादिकभाईंनी त्याला मध्येच धरलं.

"बसा ना, उस्ताद. मनिषा, पानी दे."

सादिकभाई बसले नाहीत. उभ्यानेच बोलले, मोठ्या आवाजात, कारण स्वतःचा आवाज त्यांना कळत नव्हता. "जान्या, तू बोट लावलंस तेव्हा मला काही ऐकू आलं नाही. मला ऐकू येतच नाही. तीन वर्षं झाली. मी नुसती मान हलवली. पिकर गेला होता, मी नंतर काढून बघितला. तू बरोबर ऐकलं होतंस. चूक माझी आहे."

मनिषाचं सूप थांबलं. शेजारच्या झोपड्यांतून दोन-चार माणसं बाहेर आली. जान्या एका डोळ्याने त्यांच्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता शिव्या देईल, अंगावर जाईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "म्हंजे मला आवाज कलला व्हता?"

सादिकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. जान्याने मान खाली घातली होती, ओठ दिसले नव्हते. मी ओरडून सांगितलं, "विचारतोय, त्याला आवाज कळला होता का!" सगळ्या वाडीला ऐकू गेलं.

"कळला होता!" सादिकभाई म्हणाले. "चार पावलांवरून. माझ्या चाळीस वर्षांत असा कान दुसरा बघितला नाही. तू त्या गुरुवारीच कारागीर झाला होतास, जान्या. शनिवारचं हँडल नुसतं नावाला होतं."

त्यांना वाटलं असेल, आपण काही देतोय. मलाही तसंच वाटलं. मीच तर त्यांना त्यासाठी आणलं होतं.

जान्या खाली बसला. बांधलेल्या गोणीला टेकून, तोंड भिंतीकडे करून. मग तो बोलला, इतक्या हळू की मला वाकावं लागलं.

"महिनाभर मी मनाला सांगितला, जान्या, तुला येतच नव्हता. ज्याला येत न्हाय त्यानं भट्टीवर जायचा, त्यात काय रडायचा. तेवढ्यावर मन तयार केला. आता मला येत व्हता, तं मनाला काय सांगू? भाऊ, ह्ये तुमी सांगाय आला नसता तं चाललं असतं."

मनिषा सूप ठेवून उठली. माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "तुमी यांना घेऊन जा." पाणी आणलेलं होतं, ते तिने तसंच परत आत नेलं.

सादिकभाई माझ्या खांद्याला हात लावून विचारत होते, "काय म्हणाला? भाऊ, काय म्हणाला तो?"

आधीचा प्रश्न मी साऱ्या वाडीला ऐकू जाईल असा ओरडलो होतो. जान्याचं हे बोलणं मला ओरडता आलं नाही. मी त्यांच्याकडे वळलो, ओठ नीट हलवले आणि म्हटलं, "माफ केलं म्हणतो."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग भिंतीकडे तोंड करून बसलेल्या जान्याकडे. स्कूटर सुरू करेपर्यंत त्यांनी पुन्हा विचारलं नाही.